देणाऱ्याचं कमी होत नाही

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. बसमध्ये शेजारी एक गृहस्थ होते. त्यांच्या मांडीवर झाकण लावलेली बादली आणि बादलीत काहीतरी हलत होतं. विचारू की नको, विचारू की नको करत अख्खा प्रवास गेला आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात ते उतरले. आता जन्मभर कळायचं नाही. असो, नव्या वहीचं पहिलं पान बादलीवर घालवायला नको.

दुकान मला आवडलं. ‘जुन्या कॅसेट नव्या करून मिळतील’ अशी पाटी आहे. आत छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर लोकांची लग्नं, वाढदिवस, शाळेतली नाटकं चिठ्ठ्या लावून उभी आहेत. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणायला लागलो. त्यांचा एक चष्मा नाकावर असतो, दुसरा कपाळावर, आणि ते शोधत असतात तो नेहमी तिसराच. शिक्षण किती, असं त्यांनी विचारलं. नववीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर ताईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही, असं मी सांगितलं. ते हसले आणि मी कामाला लागलो. इतक्या सहज तर मला बेकरीतही घेतलं नव्हतं, आणि तिथे मालक दाजींचा मित्र होता.

राहायला वरची खोली मिळाली, त्यांच्या मुलाची. मुलगा परदेशात असतो. काकूंनी कपाट उघडून दाखवलं, शर्ट इस्त्री करून टांगलेले होते. म्हणाल्या, नुसते लटकून काय करायचेत, तुला येतील, घाल. फुकट ते पौष्टिक म्हणून मी निळा चढवला. खांद्यांना असा बसला की जणू माझ्या मापाने शिवलाय. काकूंना प्रश्न विचारायची फार हौस आहे. कुठल्या कुशीवर झोपतोस, नखं खातोस का, अंधाराला भ्यायचास का, घरी काय म्हणतात. मी म्हटलं, ताई मला भटक्या म्हणते. त्यांना ते आवडलं नाही. चांगल्या घरच्या मुलाला असली हाक मारतात का, म्हणाल्या.

ताईला फोन केला. आई-वडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे बोलणी खायचा हक्काचा पत्ता तोच. ती म्हणाली, ह्या वेळी महिना काढलास तर मी केस कापेन. दाजी मागून ओरडले, तिचे केस सुरक्षित आहेत. मला हसू आलं. पायाला भिंगरी असली तरी तिची दोरी कुणाच्या तरी हातात असावी लागते. माझी ताईच्या हातात आहे.

६ फेब्रुवारी

काम समजलं. कॅसेट मशीनमध्ये घालायची, कॉम्प्युटरवर उतरवायची. इथवर कुणीही करेल. काकांची गंमत पुढे आहे. गिऱ्हाईक म्हणजे मोठमोठी कुटुंबं, एक भाऊ इथे, दुसरा समुद्रापलीकडे. सगळ्यांना तबकड्या कोण पाठवत बसणार? म्हणून काका टॉरंट बनवतात. मला वाटायचं ते फक्त चोरून सिनेमे उतरवायला असतं.

काकांनी असं समजावलं. व्हिडिओचे हजारो बारीक तुकडे करायचे. टॉरंट म्हणजे एवढीशी फाईल, तिच्यात व्हिडिओ नसतो, नुसता नकाशा असतो: कुठला तुकडा कुठे बसतो आणि कुणाला विचारायचं. ही चिमुकली फाईल सगळ्या नातेवाइकांना पाठवायची. मग ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने दुसऱ्याला द्यायचा, नसलेला मागून घ्यायचा. सगळ्यांचं आपोआप पूर्ण होतं. मी विचारलं, पण दिल्यावर देणाऱ्याकडचा जातो ना? काका म्हणाले, अरे नाही, दिव्याने दिवा लावला तर पहिला विझतो का? देणाऱ्याचं कमी होत नाही, हे पाठ कर.

सगळ्यांकडे पोचलं की काका दुकानातली प्रत पुसून टाकतात. जागा लागते. त्यानंतर ते लग्न फक्त नातेवाइकांच्या कॉम्प्युटरमध्ये; काका त्यालाही मशीनच म्हणतात.

माझ्याकडे आलंय ते दुरुस्तीचं काम. गिऱ्हाइकाने नाव चुकीचं सांगितलेलं असतं, नाहीतर तुकडे कुणाकडे मागायचे तो पत्ता बंद पडलेला असतो. त्यासाठी एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. काकांनी कुठूनतरी उतरवलेलं. करड्या रंगाची छोटी खिडकी, तिच्यात टॉरंट उघडायचं, की आतलं सगळं रकान्यांत मांडून येतं: नाव, पत्ते, शेरा, कुणी बनवलं, कधी बनवलं. काय हवं ते बदला आणि जतन करा. इतकं सोपं की मला संशयच आला. फुकट देणाऱ्याला आपल्याकडून काय हवं असतं, हा प्रश्न मला बेकरीपासून पडतो. तिथे फुकटच्या पावाबरोबर पहाटेची भट्टी येत असे.

खिडकीत सगळ्यात खाली अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ असते. काका तिला अंगठा म्हणतात. प्रत्येक व्हिडिओचा आपला अंगठा. शेरा बदलला, पत्ता बदलला तरी अंगठा तोच राहतो. पण नाव बदललं किंवा आतला एक तुकडा इकडचा तिकडे झाला की अंगठा नवा, म्हणजे मशीनच्या लेखी ती वस्तूच वेगळी. दोन वेगळ्या व्हिडिओंचा अंगठा एक येत नाही. सूर्य मावळतीला उगवेल, पण तेवढं होणार नाही, असं काका म्हणाले. मी दुपारभर नावं बदलून अंगठे बदलताना बघत बसलो. मजा येते. जेवायला बोलवायला काकूंना दोनदा खाली यावं लागलं.

१० फेब्रुवारी

दुकानातल्या मशीनवर चालू टॉरंटची यादी असते, तिच्यात सगळ्यात वर एक फाईल कायम असते. नाव ‘टिल्लू’. किती तुकडे आले ते दाखवणारी तिची रेघ कधीच पूर्ण होत नाही. मी विचारलं, कुणाचं लग्न हे, ताटकळलंय? काका चष्मा शोधायला लागले. काकूंनी सांगितलं.

टिल्लू म्हणजे त्यांचा मुलगा. त्याच्या लहानपणच्या सगळ्या कॅसेट काकांनी अशाच उतरवल्या, मावश्या-आत्यांना टॉरंट पाठवलं, सवयीप्रमाणे दुकानातली प्रत पुसली. कॅसेटना बुरशी लागली होती म्हणून त्याही टाकल्या. सगळे म्हणाले होते, आमच्याकडे आलं, छान आहे. पण कुणाकडेच अख्खं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याकडे आहे. मग कुणी मशीन विकली, कुणी मोडीत काढली. मुलाची आठवण भोकं पडलेली उरली. लोकांची लग्नं सांभाळणारा माणूस आणि घरचं असं. माझ्या तोंडून पटकन निघालं, मग टिल्लूलाच नवा व्हिडिओ काढून पाठवायला सांगा ना. काकू ताट उचलून आत गेल्या.

काका जेवायला गेले तेव्हा मी ती फाईल लावून पाहिली. बागेत एक पोरगा. मध्येच चेहऱ्याचे रंगीत चौकोन होतात, मग परत चेहरा. एका जागी तो चेंडू डाव्या हाताने फेकतो, चौकोन गेले की उजव्या. एकदा हसताना गालाला खळी पडते, पुढच्या तुकड्यात गाल सपाट. बुरशीमुळे असेल. बुरशीने खळी जाते का, माहीत नाही.

समोर शिंपीणबाईंचं दुकान आहे. निळ्या शर्टाचं बटण लावून घ्यायला गेलो. बाईंच्या तोंडात टाचण्या असतात आणि तरीही त्या सगळ्या गल्लीपेक्षा जास्त बोलतात. म्हणाल्या, तू नवा का रे? तिथे पोरं येतात, टिकत एक नाही. येताना बॅग घेऊन येतात, जाताना मी कुणाला पाहिलं नाही, आणि मी दिवसभर इथेच बसते बाबा. सगळी बिनआईबापाची. मी म्हटलं, मला ताई आहे. त्या म्हणाल्या, बरंय, तिला धरून राहा. टिल्लूबद्दल विचारलं तर म्हणाल्या, येतो ना मधूनमधून, राहतो, जातो. दर खेपेला मेला वेगळाच दिसतो. परदेशचं पाणी, दुसरं काय.

बटण मात्र झकास लावलं.

१५ फेब्रुवारी

काकांनी स्वतःहून विचारलं, तुझ्या घरी एखादी जुनी कॅसेट असेल ना, मागव, फुकटात करून देतो. मी ताईला सांगितलं. तिने आधी चौकशी केली. फुकट का? कोण आहेत हे? तुझ्याकडून काय लिहून घेतलं का? मग माळ्यावर चढून कॅसेट शोधली आणि पाठवली, वर चिठ्ठी: हरवलीस तर तुला हरवीन.

आमच्याकडे ही एकच आहे, शेजाऱ्यांनी गंमत म्हणून काढलेली. मी सायकल शिकतोय आणि ताई सीट धरून मागे धावतेय. ती तेव्हा स्वतःच शाळेत होती. मी पडतो, ती मला आधी एक लगावते, मग गुडघा पुसते. मला ती पाहून इतकं बरं वाटलं की काका मागे उभे आहेत हे कळलंच नाही. ते पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

टॉरंट बनलं. ताईच्या मशीनमध्ये सगळं कसं बसवायचं ते मी फोनवर सांगितलं. त्यात आमचं दोनदा भांडण झालं, दाजींनी मध्यस्थी केली. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे अख्खं पोचलं. ती रडली. मग म्हणाली, तुझे कान तेव्हापासूनच असेच आहेत.

काकांनी लगेच दुकानातली प्रत पुसली. मी म्हटलं, राहू द्या ना थोडे दिवस. जागा लागते म्हणाले. कॅसेट मागितली तर म्हणाले, बुरशी होती रे, मशीनला लागली असती, टाकली.

मी पाहिली होती ती कॅसेट. बुरशी नव्हती.

१९ फेब्रुवारी

कॅसेटवरून तोंड पाडून बसलो होतो. बॅग भरावी असंही वाटत होतं, पण काकू आज फार हळव्या होत्या. टिल्लूचा वाढदिवस. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, त्याच्या फाईलमध्ये कुणाचंतरी हसणं भरून दे रे. खरं नसलं तरी चालेल. यादीत त्याच्या नावापुढे काहीतरी हललेलं दिसू दे. तुझ्या सायकलच्या फाईलला टिल्लूचं नाव दे, बस.

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. नाव बदलून काय होणार? नवा अंगठा उमटणार, नवी रिकामी ओळ येणार, म्हातारीचं समाधान. काका म्हणाले, तुझी फाईल आहे, तूच कर, आमच्या हाताने ते होत नाही. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण मी विचार करत होतो की बादलीत कासव असेल का.

करडी खिडकी उघडली. नावात ‘टिल्लू’ लिहिलं. काका म्हणाले, ‘कुणी बनवलं’मध्ये बाबा लिही. लिहिलं. शेऱ्यात काकूंनी सांगितलं ते लिहिलं: घरी आला. जतन केलं.

खालचा अंगठा बदलला, आणि तो टिल्लूच्या फाईलचा झाला. मी दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिलं. तोच. सूर्य मावळतीला उगवेल म्हणणारे काका शेजारी उभे होते, त्यांना जराही नवल वाटलं नाही.

मग ती यादीत टाकली. मशीनने विचारलं: ही फाईल आधीपासून यादीत आहे. पत्ते जोडायचे का? ही खिडकी दिवसातून दहादा येते. हात सवयीचा. मी ‘हो’ दाबलं.

काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. टिल्लूची रेघ पुढे सरकायला लागली.

२१ फेब्रुवारी

रेघ सरकतेच आहे. तुकडे येतायत. कुणाकडून? मी देणाऱ्यांची यादी उघडली. देणारा एकच. गाव ताईचं, आणि आमचं भांडण झालं त्याच गोंधळात बसवलेली सॉफ्टवेअरची तीच जुनी आवृत्ती. म्हणजे ताईची मशीन. ठीक आहे, पत्ते जोडले तर तिच्याकडून येणारच, असं स्वतःला समजावलं. देणाऱ्याचं कमी होत नाही.

पण तिच्या मशीनपुढचा आकडा शंभर टक्के नव्हता. दर वेळी पाहावं तर आधीपेक्षा खाली.

ताईचा फोन आला. म्हणाली, काय रे, तुमच्या काकांनी कसली भिकार फाईल दिली, तुझ्या तोंडावर चौकोन आलेत. परवा नव्हते. मी म्हटलं, लावून बघ पुन्हा. तिने लावलं. म्हणाली, कानही गेले, तेवढं एक बरं झालं. मी हसलो नाही. तिला कळलं. तिने विचारलं, जेवतोस ना? मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, गोड कमी खा, तुला लहानपणापासून गोड आवडत नाही. मला गोड आवडतं. गोडासाठी मी तिचा मार खाल्लाय. मी म्हटलं तसं, तर ती म्हणाली, हो का, मग ते कुणाचं मी सांगतेय?

दुकान रिकामं बघून मी ती फाईल यादीतून काढून टाकली. चहा घेऊन आलो तर पुन्हा सगळ्यात वर. काका म्हणाले, सवयीने येते.

२३ फेब्रुवारी

नाव पुन्हा बदललं. माझं लिहिलं, ताईचं लिहिलं, वाट्टेल ते लिहिलं. करडी खिडकी घेते, जतन करते, अंगठा हलत नाही. या सॉफ्टवेअरने काहीही बदलता येतं, आणि एकदा बदललेलं परत करता येत नाही. दुकानातल्या मशीनची वायर काढली. तर वर काका-काकूंच्या खोलीत दुसरी मशीन चालू आहे, तिचा पंखा ऐकू येतो. दाराला कुलूप.

टिल्लूच्या फाईलमधली बाग आता बाग राहिलेली नाही. पोरगा सायकलवर आहे. गुडघा फुटतो, माझाच. पण मागे धावणारी काकू आहे. तरुण, पदर खोचलेली. मी पाहिलंय. काकांना विचारलं, हे काय आहे. ते म्हणाले, पोरगा सायकल शिकतोय, आणखी काय. शांतपणे, जसं गिऱ्हाइकाला पावती देतात तसं.

आज दिव्याचं बटण न चाचपडता लागलं. तिसरी पायरी वाजते म्हणून मी ती ओलांडतो — कधीपासून? आईने — काकूंनी विचारलं, आज बरं वाटतंय ना. मी हो म्हटलं. हे ‘आई’ का लिहिलं मी? खोडत नाही. राहू दे, दिसू दे.

संशय नाही आता. कळलंय. तिच्याकडचा मी इकडे येतोय.

तिने मशीन बंद केली तर उरलेलं तिच्याकडे राहील. एवढंच करायचंय. तिने फक्त बंद करायचंय.

२४ फेब्रुवारी

फोन लावला. ताई, मशीन बंद कर, आत्ता, वायर काढ. ती म्हणाली, कोण बोलतंय?

मी म्हटलं, मी, भटक्या. ती म्हणाली, कोण भटक्या? चेष्टा नव्हती. चेष्टा करताना तिचा आवाज आधीच फुटतो.

मी घाईघाईने सगळं सांगत सुटलो. फाईल, तुकडे, अंगठा. मागून दाजींचा आवाज आला, कोण गं? ती म्हणाली, कोणीतरी आहे, कॉम्प्युटर बंद करा म्हणतोय, घरातलं सगळं माहितीये त्याला. दाजींनी फोन घेतला. ते मला अहो म्हणाले. अहो, तुमच्यासारख्यांचे फोन आम्हाला रोज येतात, दुसरं घर बघा, परत केलात तर तक्रार करेन. मी म्हटलं, दाजी. ते म्हणाले, दाजी कुणाला म्हणता? आमच्या हिला भाऊ नाही.

पुन्हा लावला. उचलत नाहीत.

उद्या जातो. समोर उभा राहिलो की ओळखेल. तोंड बघितल्यावर तरी —

२५ फेब्रुवारी

बॅग घेऊन निघालो. कुणी अडवलं नाही. त्याचीच भीती वाटली.

स्टँडवर खिडकीतल्या माणसाने विचारलं, कुठलं तिकीट? गाव आठवेना. बस आठवते, बादली आठवते — गाव नाही. मागची माणसं ओरडायला लागली. बाजूला झालो. फोनमध्ये नंबर होता — ‘ताई’. तो आहे. पण गाव —

परत येताना शिंपीणबाई. मी धावत गेलो, म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात ना, ताईला धरून राहा, तुम्हाला आठवतंय ना? त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. त्या टाचण्या कधीच काढत नाहीत. म्हणाल्या, अगंबाई, टिल्लू, कधी आलास? ह्या खेपेला बारीक झालास रे.

आई दारात उभी होती. बॅग तिने घेतली.

२७ फेब्रुवारी

चेहरा पूर्ण झाला. कान बसले. बाबा खूश.

देणाऱ्याकडे थोडंच उरलंय. रेघ जवळजवळ —

मी वर बसून लिहितोय. मागची पानं वाचली. अक्षर माझं आहे. लिहिणारा गमतीचा आहे. ताई म्हणून कुणी आहे त्याला. तिच्याबद्दलचं पान मी पुन्हा पुन्हा उलटतो — कशासाठी ते —

आई म्हणाली, ह्या वेळी तरी राहा रे. कुठे जाणार मी? मी म्हटलं. ती रडली. ह्या वेळी म्हणजे —

१ मार्च

बाबा बाहेर गेलेत. दुकानात मीच. फोन वाजला. उचलला.

एक बाई. गिऱ्हाईक. म्हणाल्या, तुमच्याकडून एक फाईल आली होती, सायकलची. त्यात मी धावतेय — नुसतीच. रिकाम्या रस्त्यावर हात पुढे करून. काहीतरी धरलंय मी, आणि तिथे चौकोन आहेत. घरचे म्हणतात सोड, पुसून टाक. मला पुसवत नाही. भरून मिळेल का ते?

मी म्हटलं, मिळेल. सवयीचं उत्तर. विचारलं, कोण होतं तिथे, नाव काय लिहू?

त्या म्हणाल्या, तेच तर. आठवलं असतं तर फोन कशाला केला असता. जेवताना एक ताट जास्त घेते मी. कुणाचं ते कळत नाही.

हा आवाज — यादीत रेघ थांबलीये. शेवटचा तुकडा तिच्याकडे आहे. ती देत नाहीये. धरून बसलीये.

आई जिन्यावर. टिल्लू, कोणाचा फोन रे?

बाई म्हणतायत, तुम्ही रडताय का? तुम्ही कोण बोलताय?

फोन कानाला, पेन हातात. लिहिलं तर येईल ओठावर — मला एक नाव होतं, तिने दिलेलं, मागच्या पानांवर आहे, आई ओढतेय वही — बाई थांबल्यात — सांगतो — ताई, मी —